परक्या शहरात आपला नाका कसा शोधावा: ठाण्याहून श्टुटगार्टला निघालेल्यांसाठी

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी वही घेऊन आमच्या नौपाड्यातल्या घरी येतं. कधी शेजारच्या सोसायटीतल्या काकूंचा भाचा, कधी घोडबंदर रोडवरून रिक्षा करून आलेलं नवंकोरं जोडपं. मंडळी जर्मनीला निघालेली असतात, बहुतेक श्टुटगार्टला, कारण गाड्यांचे मोठे कारखाने तिथे. मी तिथे सहा वर्षं राहून आले हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून तर वह्या वाढल्याच आहेत. श्टुटगार्ट ही त्या राज्याची राजधानी.

वहीतले प्रश्न ठरलेले. कुकर न्यायचा का? डाळी मिळतात का? थंडी किती? दहा मिनिटांत सगळं आटपतं. मग चहा होतो, आणि दारात चपला घालताना दोघांपैकी एक जण, बहुतेक वेळा ती, हळूच विचारते, "ताई, पण तिथे आवडेल ना?"

हा लेख त्या चपला घालतानाच्या प्रश्नासाठी आहे.

माझं आधी सांगते. पहिले सात महिने मला ते शहर अजिबात आवडलं नव्हतं. नोकरी नवऱ्याची, मी मागून गेलेली. तो सकाळी जायचा आणि मी चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून कौलं मोजायची. बघण्यासारखं सगळं बघून झालं होतं. राजवाड्यासमोरचा चौक झाला, गाड्यांचं म्युझियम झालं, 1956 साली बांधलेला तो काँक्रीटचा टीव्ही मनोराही झाला. तशा प्रकारचा तो जगातला पहिला. फोटो काढले, घरच्या ग्रुपवर टाकले, सगळ्यांनी अंगठे दाखवले. पण शहराबद्दल माया काही वाटेना.

मग एकदा डोक्यात आलं, ठाणं तरी मला कुठे तलावांमुळे आवडतं? तलावपाळीवर मी वर्षातून चारदा जात असेन. ठाणं आवडतं, कारण जांभळी नाक्यावरचा भाजीवाला "आज मेथी नको वहिनी, उद्या ताजी येईल" म्हणतो. शहर आवडायला त्यात आपला एक नाका असावा लागतो, जिथे आपण दिसलो नाही तर कुणाच्या तरी लक्षात येतं. तो नाका हिंडून-फिरून सापडत नाही. त्याआधी बरीच रुक्ष कामं उरकावी लागतात, म्हणून सुरुवात तिथूनच.

पायरी 1: ठाण्यातच उरकायची कामं

फाइलमध्ये हे सगळं मूळ प्रतींसह हवं, आणि फाइल हातातल्या बॅगेत:

- पासपोर्ट, व्हिसा, नोकरीचा करार
- लग्नाचा दाखला, सगळ्यांचे जन्मदाखले
- पदव्या आणि मार्कशीट
- मुलांचं लसीकरणाचं कार्ड. गोवरच्या लशीची नोंद ठळक दिसली पाहिजे. 2020 पासून तिथे पाळणाघर आणि शाळा त्याचा पुरावा मागतात.
- चालू औषधांची चिठ्ठी. गोळीचं दुकानातलं नाव नको, आतल्या औषधाचं नाव लिहून घ्या. आपल्या ब्रँडची नावं तिथे कुणाला कळत नाहीत.
- ड्रायव्हिंग लायसन्स. तिथे राहायला लागल्यापासून ते सहा महिनेच चालतं, पुढे तिथलं काढावं लागतं.

इथे एक खास आपला खड्डा आहे. आपल्याकडे बाईचं नाव म्हणजे नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. माझ्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात नवऱ्याचं नावही बसलं होतं. त्यामुळे सहा वर्षं मला येणारी सरकारी पत्रं नवऱ्याचं नाव माझं दुसरं नाव समजून येत राहिली. त्यात लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव. खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, "म्हणजे या तीन वेगळ्या बायका आहेत का?" तेव्हा सगळीकडे पासपोर्टप्रमाणे, अक्षर न अक्षर तेच नाव लिहा. फरक असेल तर नाव बदलल्याचा कागद, म्हणजे गॅझेट असो की प्रतिज्ञापत्र, इथूनच घेऊन निघा.

सामानाबद्दल एवढंच: युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे आईने कढवलेलं तूप नाही, पेढे नाहीत, खव्याच्या पोळ्या नाहीत. ताजा कढीपत्ता आणि आंबेही रोपांच्या आरोग्याच्या दाखल्याशिवाय चालत नाहीत. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी खुशाल न्या. माझ्या सासूबाईंनी दिलेला तुपाचा डबा विमानतळावरच सोडावा लागला. घरी फोन करून "तूप छान लागलं" असं खोटं सांगितलं, ते आजतागायत उघड झालेलं नाही.

आणि भाषा. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या परवान्यावर, जाणाऱ्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा लागत नाही. "लागत नाही तर कशाला शिकायचं" हा विचार मी केला, आणि माझ्या सात रुसलेल्या महिन्यांपैकी निदान चार त्याच्या खात्यावर आहेत. निघण्यापूर्वी पहिली पातळी करा. शंभरपर्यंत आकडे, वार, वेळ आणि "हळू बोला ना" एवढं आलं तरी खूप.

पायरी 2: पत्रपेटीवर नाव लावा

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत शहराच्या ब्युर्गरब्युरोमध्ये, म्हणजे नागरिकांच्या कचेरीत, जाऊन पत्ता नोंदवायचा असतो. त्याला म्हणतात आनमेल्डुंग. त्यासाठी पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि घरमालकाने दिलेला एक कागद लागतो, ज्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. हे नाव एका दमात म्हणता आलं की अर्धी जर्मन आली असं समजा. अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, म्हणून ती घर पक्कं होताच शोधायला लागा.

या नोंदणीवर पुढचं सगळं उभं असतं. कराचा नंबर तिच्यामुळेच येतो, आणि येतो पोस्टाने. जर्मनीत महत्त्वाचं सगळं पोस्टाने येतं.

इथेच मी फसले. आपल्या डोक्यात पत्ता म्हणजे "बी विंग, 402". तिथे इमारतींत फ्लॅटला बहुधा नंबरच नसतो. पोस्टमन पत्रपेटीवरचं आणि बेलजवळचं आडनाव वाचून पत्र टाकतो. आमच्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. ते बदलायला हवं हे आम्हाला तीन आठवडे कुणी सांगितलं नाही, आणि आमची पत्रं निमूटपणे परत जात राहिली. चावी मिळाली त्याच संध्याकाळी कागदावर ठळक अक्षरांत आडनाव लिहा आणि पेटीवर, बेलवर चिकटवा. नीट पाटी मागाहून होईल.

आणखी एक पत्र येईल, रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं, महिन्याला 18.36 युरो. "आमच्याकडे टीव्ही नाही" हे उत्तर चालत नाही, कारण ही वर्गणी घरामागे असते. जाहिरात समजून ते पत्र फेकू नका.

पायरी 3: घर, केर आणि चावी

भाड्याचे दोन आकडे असतात. काल्टमीटे म्हणजे नुसतं घर, वार्ममीटे म्हणजे त्यात गरम पाणी, हीटिंग, सोसायटीचा खर्च वगैरे. जाहिरातीत ठळक असतो तो पहिला. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेएवढी घेता येते, आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा तुम्हाला हक्क आहे. रिकामं घर म्हणजे खरंच रिकामं. कित्येकदा स्वयंपाकघराचा ओटाही नसतो आणि छताला नुसत्या वायरी लोंबत असतात. "किचन आहे का" हे विचारून घ्या.

पण श्टुटगार्टच्या घराची खरी परीक्षा म्हणजे केरवोखे. शब्दाचा अर्थ झाडण्याचा आठवडा. केर आपलाच, वोखे म्हणजे आठवडा. मराठी माणसाला हा शब्द पाठ करावा लागत नाही. तुमची पाळी आली की दाराच्या मुठीला एक पाटी लटकते. त्या आठवड्यात आपल्या मजल्यावरचा जिना झाडून पुसायचा. मोठी पाळी असेल तर तळघर, कचरापेट्यांची जागा आणि इमारतीसमोरचा फुटपाथही. थंडीत त्यावर बर्फ आला तर तोही कोण उपसणार, हे भाडेकरारात वाचून ठेवा. जिना धुवायला सोसायटीचा माणूस येईल या भरवशावर वाढलेलो आपण. पहिल्यांदा पाटी दिसली तेव्हा मला वाटलं, कुणीतरी शिक्षा दिली.

खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या. मी जिना झाडला, पण कोपरे सोडले. दुसऱ्या दिवशी त्या वर आल्या, झाडू हातात घेतला आणि एकही शब्द न बोलता कोपरा कसा काढायचा ते दाखवून गेल्या. मी आत येऊन रडले. आता हसू येतं. माझी आत्या ठाण्यातल्या सुनांना याहून वेगळं काय करायची? श्वाब लोकांत, म्हणजे तिथल्या मूळच्या मंडळींत, म्हणच आहे: रागावलं नाही म्हणजे पुरेसं कौतुक झालं. सदाशिव पेठेशी यांचं जुनं नातं असावं, असा मला दाट संशय आहे.

मग एका शनिवारी संध्याकाळी मी कचरा टाकायला सपाता घालून खाली उतरले आणि वर दार लागलं. तिथल्या दारांना बाहेरून फिरणारी मूठ नसते, दार ओढलं की संपलं. फोन आत, कोट आत, नवरा परगावी. आजींनी आत घेतलं, कॉफी दिली, कुलूपवाल्याला फोन केला. त्याने एका मिनिटात दार उघडलं आणि जेवढे पैसे घेतले तेवढ्यात ठाण्यात नवं सागवानी दार बसलं असतं. तो गेल्यावर आजींनी हात पुढे केला. मला वाटलं, कॉफीचे पैसे. त्यांना आमची जादा चावी हवी होती.

त्या दिवसापासून आमची एक चावी त्यांच्या खुंटीवर आणि त्यांची एक आमच्याकडे. शेजारी चावी ठेवणं हे आपल्या चाळीतलं शास्त्र. ते तिथेही चालतं, फक्त आपण आधी विचारायला हवं. पहिल्या महिन्यातच विचारा, दार लागायची वाट पाहू नका.

पायरी 4: नाका शोधा

आता मुद्द्याचं. ही पायरी बाकीच्यांपेक्षा लांब आहे, कारण इथेच लोक हार मानतात.

घरापासून चालत जाता येईल अशा दोन-तीन जागा निवडा आणि सहा आठवडे त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच जागी जा. जागा उत्तम असण्याची गरज नाही. चांगली पाच दुकानं फिरून पाहण्यापेक्षा बऱ्या एका दुकानात पाच वेळा जा. ज्या यंत्रावर आपणच बिल करतो त्या रांगेत उभे राहू नका. वाणसामान घरी मागवू नका. मला माहीत आहे, ते सोपं आहे. सोपं आहे म्हणूनच सात महिने माझा कुणाशी शब्द झाला नव्हता.

माझी पहिली जागा म्हणजे मारिएनप्लात्सजवळची एक बेकरी. मारिएनप्लात्स हा गोल मोकळा चौक आहे, लोक पायऱ्यांवर बसलेले, पोरं सायकली फिरवतायत. तिथून त्साके नावाची दातेरी चाकाची गाडी डोंगर चढून डेगरलोखला जाते. 1884 पासून चालू आहे, आणि सायकलींसाठी पुढे वेगळा डबा. ठाण्याच्या माणसाला, ज्याच्या गावी 1853 साली देशातली पहिली प्रवासी गाडी आली, जुन्या गाडीचं काय कौतुक, असं मी आधी नाक मुरडलं. पण संध्याकाळी तिच्यातून वर जाताना मागे वाडग्यासारखं शहर आणि उतारावरचे द्राक्षांचे मळे दिसतात. मग आपलं नाक आपोआप सरळ होतं.

तर बेकरी. पहिले दोन आठवडे मी बोटाने दाखवायची. मग धीर करून "आइन ब्रेत्सेल, बिटे," म्हणजे गाठ मारल्यासारखा तो पाव एक द्या. पाचव्या आठवड्यात मी दारात शिरले तेव्हा बाईंनी न विचारता ब्रेत्सेल पिशवीत टाकलेलं होतं. त्यानंतर तापाने आठ दिवस गेले नाही. नवव्या दिवशी त्या म्हणाल्या, "कुठे होतात?" दोनच शब्द. मी घरी येऊन नवऱ्याला फोन केला, जणू पगारवाढ झाली.

एक खड्डा मात्र सांगते, यात सगळे पडतात. श्टुटगार्टमध्ये दुकानात शिरताना "ग्रूस गॉट" म्हणायचं आणि बाहेर पडताना निरोप घ्यायचा. डॉक्टरच्या वेटिंग रूममध्येसुद्धा आत आलेला माणूस सगळ्यांना मिळून नमस्कार घालतो. आपण ठाण्यात लिफ्टमध्ये कुणाला नमस्कार करत नाही, छताकडे बघतो. तिथे गप्प शिरलात तर तुम्ही लाजाळू ठरत नाही, उद्धट ठरता.

दुसरी जागा, आठवडी बाजार. शहराच्या मधोमध मार्क्टप्लात्स आणि शिलरप्लात्सवर मंगळवार, गुरुवार, शनिवारी भरतो. मी शनिवार धरला. भाजीला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं. टोमॅटो दाबून बघत होते आणि विक्रेत्या बाई माझा हात बघत होत्या. किती हवं ते सांगायचं, निवडून त्या देतात. भाव करायचा नाही. मिरची-कोथिंबीर वर मिळत नाही. पण त्या भागात फिल्डरक्राउट नावाचा टोकदार कोबी होतो, आपल्या कोबीहून नाजूक. त्याची हरभऱ्याची डाळ घालून केलेली भाजी मी तिथे शिकले असं म्हटलं तरी चालेल. दर शनिवारी एवढा कोबी कशाला, असं त्या बाईंनी एकदा विचारलं. मी मोडक्या जर्मनमध्ये मोहरी, हिंग, हळद असं सगळं हातवारे करून सांगितलं. हिंगाला मी "वास येणारा दगड" म्हटलं. त्यानंतर कधीतरी, मी काही न मागता, त्यांनी पार्स्लीची एक जुडी पिशवीत सरकवली. जांभळी नाका सुरू झाला होता.

तिसरी जागा बसायची असावी, जिथे पैसे खर्च न करता दोन तास काढता येतील. मी मायलेंडर प्लात्सवरचं शहराचं ग्रंथालय धरलं. 2011 मध्ये उघडलेली पांढरीशुभ्र चौकोनी इमारत आहे, आत पाच मजली पांढऱ्या जिन्यांची विहीर. आत बसून वाचायला पैसे लागत नाहीत. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं, त्याच्या लाकडी कपाटांचा वास नाकात घेऊन वाढलेली मी. पहिल्यांदा वाटलं, हे ग्रंथालय आहे की ऑपरेशन थिएटर? पण मुलांच्या मजल्यावर बसून चित्रांची पुस्तकं वाचता वाचता माझी जर्मन मार्गी लागली. तिथे ग्रंथपाल वय विचारत नाहीत.

पायरी 5: पावणेतीन वाजता भेटा

भाषेचा क्लास लावायचा तर फोल्क्सहोखशूले, म्हणजे शहराची लोकशाळा, बरी पडते. क्लासमध्ये सगळेच परके असतात, हाच मोठा आधार.

पण क्लासमध्ये शिकवत नाहीत असं एक सांगते. साधं जर्मन "हाल्ब ड्राय" म्हणजे शब्दशः अर्धे तीन, पण वेळ अडीच. इथवर सगळे सांगतात. श्वाब माणूस पुढे जातो. "फिअर्टल ड्राय" म्हणजे पाव तीन, वेळ सव्वादोन. "ड्रायफिअर्टल ड्राय" म्हणजे पाऊण तीन, वेळ पावणेतीन. इंग्रजीतून विचार केलात तर "फिअर्टल ड्राय" सव्वातीन वाटतं आणि तुम्ही तासभर उशिरा पोहोचता. मी पोहोचले, दाताच्या डॉक्टरकडे. मराठीतून विचार करा. तिसरा तास किती भरला ते सांगतायत: पाव भरला, अर्धा भरला, पाऊण भरला. उत्तर जर्मनीहून आलेल्या माझ्या क्लासमेटला हे कळायला महिना लागला. सव्वा, अडीच, पावणे जिभेवर असलेल्या मला एक दुपार पुरली.

तू आणि तुम्हीचंही तसंच. आपल्याला ते शिकवावं लागत नाही. मोठ्या माणसाने आपण होऊन "आता मला तू म्हण" म्हणेपर्यंत तुम्हीच म्हणायचं. खालच्या आजींनी मला दोन वर्षांनी ती परवानगी दिली, वाइनचा छोटा पेला हातात देऊन, अगदी समारंभाने. मला जमलं नाही. आजीला अगं-तुगं कसं करणार?

पायरी 6: शहराच्या तक्रारीत सामील व्हा

ही पायरी छोटी आहे, पण सोडू नका. श्टुटगार्टचं मुख्य स्टेशन जमिनीखाली नेण्याचं काम 2010 मध्ये सुरू झालं. 2019 च्या अखेरीस ते व्हायचं होतं, ते पुढे पुढेच जात राहिलं. स्टेशनात शिरायला पत्र्यांमधून लांबचा वळसा. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या खांबांमधून वाट काढणाऱ्या माणसाला हे काही नवीन नाही. एकदा थांब्यावर शेजारच्या गृहस्थांनी त्या खड्ड्याकडे बघून उसासा टाकला, मीही टाकला, आणि पुढची दहा मिनिटं आम्ही खुशीत चडफडलो. पाहुण्याने कौतुक करायचं असतं. तक्रार घरचा माणूस करतो.

पायरी 7: रविवार आणि हिवाळा

रविवारी दुकानं बंद असतात, जवळजवळ सगळी. दूध संपलं तर मोठ्या स्टेशनातली किंवा पेट्रोल पंपावरची दुकानं सोडून सहसा कुठे मिळत नाही. भिंतीत ड्रिल करायचं नाही, काचेच्या बाटल्या कचरापेटीत फोडायच्या नाहीत, मिक्सरही जपून. औषधाची दुकानं पाळीपाळीने उघडी असतात. रात्री-अपरात्री डॉक्टर हवा, पण जीव धोक्यात नाही, असं असेल तर 116117, आणि खरंच आणीबाणी असेल तर 112. हे दोन नंबर फ्रिजवर लावा.

पहिले रविवार मला स्मशानासारखे वाटले. नंतर कळलं की लोक घरात नसतात, चालायला गेलेले असतात. या शहरात चारशेहून जास्त दगडी जिने आहेत, श्टेफेले म्हणतात त्यांना, पूर्वी द्राक्षाच्या मळ्यांतून चढायला केलेले. दर रविवारी एक जिना, असं आम्ही ठरवलं. 1888 पासून चाललेली श्वेबिशर आल्बफेराइन ही डोंगर भटकणाऱ्यांची मोठी संस्था आहे, तिच्याबरोबरही जाता येतं. येऊरला पहाटे जाणारे असाल तर दोन रविवारांत तुमचा गोतावळा जमेल. भटकंतीनंतर लिन्झन मिट श्पेट्सले मागवा. मसूर आणि घरच्या शेवया. पहिला घास घेतला आणि मला वरणफळं आठवली, आई पावसाळ्यात करते ती. त्यात सॉसेज असतं. नको असेल तर मागवतानाच सांगा.

हिवाळा मात्र खरा आहे. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो. दुपारच्या उजेडात रोज अर्धा तास बाहेर पडा, पाऊस असला तरी. आणि परत जायचं की राहायचं, हा निर्णय नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घेऊ नका. आमच्या ओळखीतली दोन कुटुंबं जानेवारीत सामान बांधून आली. एक जोडपं मला अजून विचारतं, "एप्रिलमध्ये कसं असतं गं?" एप्रिलमध्ये व्हिल्हेल्मा बागेतले मॅग्नोलिया फुलून संपत आलेले असतात आणि आठपर्यंत उजेड असतो. हे त्यांना सांगताना मला अपराधी वाटतं.

पायरी 8: ठाण्याच्या फोनची वेळ

हिवाळ्यात तिथलं घड्याळ साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. तिथे अंधार पडतो तेव्हा ठाण्यात रात्रीचे नऊ, म्हणजे आई जेवून निवांत. आम्ही रोज त्याच वेळी व्हिडिओ कॉल करायचो, तासभर. आईने काय केलं, गॅलरीत कबुतराने अंडी घातली, खालच्यांनी गाडी आडवी लावली. मी शरीराने श्टुटगार्टमध्ये आणि चित्त नौपाड्यात. फोन ठेवला की खोली दुप्पट रिकामी वाटायची. मग फोन आठवड्यातून तीनदा केला, आणि आधी स्वतः बाहेर जाऊन यायचं असा नेम केला, म्हणजे सांगायला काही असायचं. आईला आधी वाईट वाटलं. नंतर तीच विचारायला लागली, "कोबीवाली काय म्हणते?"

मराठी मंडळींत जरूर मिसळा. गणपती, दिवाळी, एखादं नाटक आलं तर सगळे मिळून, त्याशिवाय जीव तग धरत नाही. पण शनिवार-रविवार दोन्ही त्यांच्याकडेच गेले तर तुम्ही नौपाड्यातच राहता, फक्त थंडीत. एक दिवस तिकडे, एक दिवस जिन्यांना.

आणि दर वस्तू रुपयांत गुणू नका. पगार युरोत मिळतोय तर ब्रेत्सेलही युरोतच खा. माझा नवरा पहिलं वर्षभर कॉफीच्या कपात रुपये मोजत होता. त्याला ते शहर माझ्याहून सहा महिने उशिरा आवडलं.

राहता राहिला कुकर

न्या. पण घरातला ॲल्युमिनियमचा नको. तिथे शेगडी बहुतेक वेळा काचेची, सिरॅमिक नाहीतर इंडक्शन असते. स्टीलचा, सपाट बुडाचा, इंडक्शनवर चालणारा पाहून घ्या; राम मारुती रोडवर भांड्यांच्या दुकानात सांगितलंत की काढून देतात. गॅस्केट दोन आणि सेफ्टी व्हॉल्व्ह एक जास्तीचा घ्या, तिथे मिळताना मारामार. मिक्सर चालतो, वीज आपल्यासारखीच 230 व्होल्टची आहे, फक्त प्लगला अडॅप्टर लागतो. आणि पहिल्यांदा कुकर लावण्यापूर्वी खालच्या मजल्यावर जाऊन सांगून या की शिट्टी होईल. आमच्याकडे पहिल्या शिट्टीला आजी जिना चढून आल्या होत्या, हातात आमची चावी घेऊन.